लेक टाहो, शुगर पाइन पॉइंट: ३२ जणांचा मुक्काम, भांड्यांचं पाणी, अस्वलं आणि कयाक

मुक्कामपोस्ट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली आठ कुटुंबं, लहानथोर धरून ३२ जण, कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहोच्या काठी, शुगर पाइन पॉइंट स्टेट पार्कात तीन रात्री राहणार आहोत. जनरल क्रीकची ग्रुप साइट मिळाली आहे. सगळं घरचंच शिजवायचं ठरलंय. नियम वाचले, पण "सांडपाणी जमिनीवर ओतू नये" एवढं वाचून बत्तीस ताटांचं प्रत्यक्षात काय करायचं ते कळत नाही. तळ्याला आमच्यामुळे धक्का लागू नये ही मनापासून इच्छा आहे, म्हणून नेमकं विचारतो.

१. 'बायोडिग्रेडेबल' साबण वापरला तर भांड्यांचं पाणी तळ्यापासून लांब, झाडीत ओतलेलं चालेल का? की सरळ पत्रावळी न्याव्यात?
२. सॅन होजेला घरी ओकची वाळलेली लाकडं पडून आहेत. ती नेली तर चालतील ना?
३. एक कयाक आणि दोन हवा भरायचे पॅडलबोर्ड आहेत. मागच्या महिन्यात डेल्टामध्ये (सॅक्रामेंटो आणि सॅन होकीन नद्यांच्या मुखाकडचा पाणथळ भाग) वापरले होते. टाहोला इंजिन नसलेल्या होडीचीही तपासणी लागते का?
४. अस्वलांपासून सामान वाचवायला साइटवर जे लॉकर असतात, त्यांत नेमकं काय काय ठेवायचं?
५. बरोबर दोन ज्येष्ठ बायका आहेत. त्यांना तळ्याची ओटी भरायची आहे. नाही म्हणणं जिवावर येतं. काय करता येईल?

निचरा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

टाहोत ६३ ओढे-नद्या येऊन मिळतात आणि बाहेर पडायला वाट एकच, ट्रकी नदी. तीही समुद्राला जात नाही, नेवाडातल्या पिरॅमिड लेकमध्ये संपते. तळं ५०१ मीटर खोल. आत आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी ६५० वर्षं लागतात. म्हणजे आत गेलेलं फॉस्फरस आणि नायट्रोजन आपल्या हिशेबाने आतच राहतं. हे पाणी निळंशार दिसतं कारण त्यात शेवाळाला खायला फारसं काही नाही. १९६८ मध्ये पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली की सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसायची; २०२४ ची सरासरी १९ मीटरच्या आसपास आहे.

'बायोडिग्रेडेबल' याचा अर्थ एवढाच की मातीतले जिवाणू तो साबण कालांतराने तोडतात. थंड पाण्यात ते काम फार हळू होतं. आणि खरा त्रास साबणाचा नाहीच, त्या पाण्यातल्या वरणाचा, तेलाचा आणि भाताच्या पेजेचा आहे. एका जागी रोज तीस लिटर ओतलंत तर तिसऱ्या दिवशी तिथे वास, गांधीलमाश्या आणि रात्री अस्वल. त्यामुळे झाडीत ओतणं नको, साबण कुठलाही असो.

मग कुठे? कॅम्पग्राउंडमध्ये सांडपाण्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच. पोचल्याबरोबर कॅम्प होस्टला (कॅम्पग्राउंडवरच राहून देखरेख करणाऱ्याला) ती जागा विचारून घ्या, अंधार पडल्यावर शोधत बसू नका. पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली भांडी घासायची नाहीत. त्या नळाखालचं पाणी गटारात जात नाही, तिथेच जमिनीत मुरतं. गटारात गेलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे: टाहो खोऱ्यातलं मैलापाणी गेली पन्नासेक वर्षं शुद्ध करूनसुद्धा तळ्यात सोडत नाहीत, पंपाने खोऱ्याच्या बाहेर नेतात. म्हणून तेच पाणी गटाराला जोडलेल्या सिंकमध्ये ओतणं आणि झाडाखाली ओतणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता पद्धत. तीन टब, प्रत्येकी आठ-दहा लिटर पाणी.

ताट टबात जाण्याआधी स्वच्छ पुसलं गेलंच पाहिजे. उरलेल्या पोळीच्या तुकड्याने किंवा रबरी उलथन्याने प्रत्येकाने आपलं ताट निपटायचं, खरकटं कचऱ्याच्या पिशवीत. निम्मं काम इथेच होतं. पहिल्या टबात गरम पाणी आणि अगदी थोडा साबण. बत्तीस ताटांना दोन चमचे पुरतात, फेस आला म्हणजे जास्त स्वच्छ झालं असं नसतं. दुसऱ्या टबात नुसतं पाणी. तिसऱ्यात गॅलनमागे (३.८ लिटर) दोन टीस्पून साधं, बिनवासाचं ब्लीच, पाणी कोमटच हवं, कढत पाण्यात क्लोरीन उडून जातं. ताट त्यात मिनिटभर बुडवायचं आणि वाऱ्यावर वाळवायचं, फडक्याने पुसायचं नाही. क्रम: आधी पेले, मग ताटं-वाट्या, शेवटी कढया आणि कुकर. उलटं केलंत तर पहिल्या टबाचं पाणी दहाव्या ताटालाच तेलकट होतं आणि सगळं बदलावं लागतं.

शेवटी टबातलं पाणी जुन्या पंच्यातून गाळून झाकणाच्या पाच गॅलनच्या बादल्यांमध्ये भरायचं. पंच्यात राहिलेला चोथा पिळून कचऱ्यात. बादली पाऊणच भरा. काठोकाठ भरली की १९ किलो होते, वाटेत हिंदकळते आणि सगळा खटाटोप वाटेवरच सांडतो. दर जेवणाला अशा दोन फेऱ्या धरा.

खडीसाखर

वरच्या पद्धतीबद्दल दुमत नाही, पण बत्तीस जणांना तीन दिवस हे निभेल का? सुपारीच्या पानांच्या पत्रावळी नेल्या तर सांडपाणी निम्म्याने घटतं. पाणी कमी तर चूक व्हायची शक्यताही कमी. निदान रात्रीच्या जेवणाला तरी पत्रावळी ठेवा, कारण अंधारात घासताना हमखास सांडतं.

निचरा

अंधाराचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर उपाय म्हणजे जेवण साडेसहाला. पत्रावळीचं गणित असं: ३२ जण, दिवसाला तीन खाणी, तीन दिवस, म्हणजे ताट-वाटी मिळून साडेपाचशेच्या वर नग. आमटी लागलेल्या, वासाच्या. त्या कंपोस्ट व्हायला हव्यात, पण पार्कात अस्वलांमुळे ओल्या कचऱ्याची उघडी सोय ठेवता येत नाही, म्हणजे त्या जाणार कचरा-डेपोतच. आणि कुणीतरी शेकोटीत टाकणारच. जळतं पान हलकं असतं, ठिणगीसकट वर उडतं. सुक्या पाइनखाली हे नको. दर कुटुंबाने आपापली स्टीलची ताटं मोजून आणावीत आणि घासण्याची पाळी लावावी. चार जणांची पाळी असेल तर पाऊण तासात आटोपतं.

प्लास्टिकच्या बाटल्यांचे खोकेही नेऊ नका. नळाचं पाणी पिण्याचंच आहे. तळ्याच्या दक्षिणेकडच्या साउथ लेक टाहो शहरात तर गॅलनपेक्षा लहान पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या विकायलाच एप्रिल २०२४ पासून बंदी आहे. तोटीचे दोन मोठे कॅन आणि प्रत्येकाची आपली बाटली पुरते.

चुलखंड

लाकूड: नेऊ नका. 'वाळलेलं आहे' हा बचाव नाही. सालीखाली आणि गाभ्यात अळ्या, अंडी, बुरशी राहते आणि वरून काही दिसत नाही. बे एरियातले जिल्हे 'सडन ओक डेथ' या रोगासाठी क्वारंटाइनमध्ये आहेत, म्हणजे तुमच्या घरचं ओक तर मुळीच नको. जाळायचं तिथलंच विकत घ्यायचं, कॅम्प होस्टकडे मिळतं. उरलं तर परत आणायचं नाही, शेजारच्या साइटला द्यायचं.

पार्कात पडलेल्या काटक्या, सुया, शंकू गोळा करायलाही मनाई आहे. शुगर पाइनचा शंकू हातभर लांब असतो, मुलांना तो घरी न्यावासा वाटणारच. बघून, मोजून तिथेच ठेवू द्या. आणखी एक: झाडीत फांद्यांचे रचून ठेवलेले ढीग दिसतील. ते सरपण म्हणून ठेवलेले नाहीत. दाट झालेलं रान विरळ करून, फांद्या एक-दोन वर्षं वाळवून, पावसाळी थंड दिवसांत पार्कचे लोक ते ठरवून जाळतात. पूर्वी अधूनमधून लागणाऱ्या हलक्या आगी शंभर वर्षं विझवत राहिल्यामुळे खाली सुका पाला साचलाय. त्याची परतफेड अशी चाललीये. मुलांना त्या ढिगांवर चढू देऊ नका.

शेकोटीवर स्वयंपाकाचा बेत आखूच नका. जुलैत वाऱ्याचा इशारा आला की लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद होतात, आणि ते त्या दिवशी सकाळी कळतं. सगळं प्रोपेनवर धरा. बंद करायची चावी असलेल्या गॅसला बहुधा परवानगी राहते, तरी फलक वाचा. हिशेब: २०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) एक बर्नर तासाला साधारण एक पाउंड गॅस खातो. २० पाउंडाची टाकी म्हणजे असा बर्नर वीस तास. तुम्हाला दोन टाक्या आणि तीन बर्नर पुरतील, वाऱ्याला आडोसा केलात तर.

उंची विसरू नका. तळ्याचा काठच ६,२२५ फुटांवर आहे, तिथे पाणी ९३-९४ अंशाला उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास घट्टच राहते आणि गॅस मात्र संपतो. डाळ, हरभरा, छोले कुकरलाच लावा. कुकरातही तापमान घरच्यापेक्षा तीन-चार अंश कमीच असतं, म्हणून घरी चार शिट्ट्या लागत असतील तर तिथे सहा धरा. कडधान्य दहा-बारा तास भिजवून न्या. पोहे, उपमा यांना काही फरक पडत नाही. मिसळीसाठी मटकी घरूनच मोडवून आणि उकडून नेलीत तर गॅसही वाचतो, पाणीही.

शेकोटी परवानगी असेल तरच, लोखंडी कड्यातच. झोपण्याआधी अर्धा तास लाकूड टाकणं बंद. मग बादलीभर पाणी, काठीने ढवळणं, पुन्हा बादलीभर पाणी, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघणं. ऊब लागली तर पुन्हा पाणी. वर माती लोटून विझवू नका. मातीखाली निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. जून २००७ ची अँगोरा आग टाहोच्या दक्षिणेला नीट न विझलेल्या बेकायदा शेकोटीतूनच लागली. ३,१०० एकर आणि अडीचशेच्या घरात घरं गेली. जळालेल्या उतारावरची राख-माती मग ओढ्यांनी तळ्याकडेच येते.

पाणलोट

कयाकबद्दल. मुद्दा इंजिनाचा नाही, डेल्टाचा आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डेल्टातल्या स्टॉकटन बंदराजवळ गोल्डन मसल हा बाहेरून आलेला, झपाट्याने पसरणारा शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा. त्याची पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, चमचाभर पाण्यातही असू शकतात. क्वागा आणि झेब्रा या तसल्याच उपद्रवी शिंपल्यांना टाहोचं पाणी थोडं अवघड जातं, कारण त्यात कॅल्शियम कमी आहे. गोल्डनला कमी कॅल्शियमही चालतं. म्हणून धोका आधीपेक्षा वाढलाय.

इंजिनाच्या होड्यांना २००८ पासून तपासणी सक्तीची आहे. तपासून झालं की होडी आणि ट्रेलरला जोडून सील लावतात. ते तुटलं तर पुन्हा रांगेत. कयाक-बोर्डांचे नियम बदलत आहेत, निघायच्या आठवड्यात बघून घ्या. नियम काहीही असो, डेल्टात भिजलेली वस्तू तपासणी केंद्रावर नेऊन स्पष्ट सांगा की ही डेल्टात वापरली आहे.

माझं मत: ते बोर्ड यावेळी घरी ठेवा आणि तिथेच भाड्याने घ्या. न्यायचेच असतील तर आजपासून कामाला लागा. बोर्डची फिन (खालचा पंख) काढा, तिच्या खाचेत चिखल आणि पाणवनस्पतीचे धागे अडकतात. झडप, दोरी, वल्ह्याचा पोकळ दांडा, पायाला बांधायची पट्टी, बोर्डाची पिशवी हे सगळे पाणी धरून ठेवणारे कोपरे. कयाकची मागची बूच काढून उभी करा, आतलं पाणी पूर्ण निथळू द्या. बोर्ड फुगवलेल्या स्थितीत वाळवा. गुंडाळलेल्या बोर्डाच्या घडीत पाणी आठवडेच्या आठवडे राहतं. डेल्टातल्या वस्तूंना निदान तीस दिवस कोरडं ठेवा. केंद्रावर ६० अंशांच्या पाण्याने धुतात. हवेच्या बोर्डाच्या चिकट जोडांना ते सोसेल का हे बोर्डाच्या पुस्तिकेत आधी पाहा.

होडीइतकेच महत्त्वाचे पाण्यात घालायचे बूट, लाइफ जॅकेट, मुलांच्या वाळूच्या बादल्या. २०२३ मध्ये टाहोत न्यूझीलंड मडस्नेल सापडली. चार-पाच मिलिमीटरची गोगलगाय, बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. तिला जोडीदार लागत नाही, एकटीच पिल्लं घालते, म्हणजे बुटाच्या तळव्याच्या खाचेतली एक पुरे. बूट ओलसर राहिले तर काही आठवडे जगते. ब्रशने घासा, मग बूट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. येतानाही हेच, नाहीतर टाहोतून तुम्ही ती दुसरीकडे न्याल.

मुक्कामपोस्ट

खूप आभार. बोर्ड घरीच ठेवतो, भाड्याने घेऊ. लाकडंही नाही नेत. दोन शंका उरल्या: एका संध्याकाळी बटाटेवड्यांचा बेत आहे, तीन लिटर तेल लागेल. त्या तेलाचं काय? आणि अस्वल-लॉकर व ओटी हे प्रश्न राहिलेच.

रानवाट

वडे रद्द करा. खरकटं तेल जमिनीवर नको, सिंकमध्ये नको, आगीत नको. थंड करून मूळ डब्यात भरून लॉकरमध्ये ठेवून घरी न्यावं लागेल, तोवर त्याचा वास तंबूंना, कपड्यांना, केसांना लागलेला असेल. अस्वलाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि हिवाळ्याआधी त्याला दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खायचं असतं. त्याच्या दृष्टीने तेलाचा डबा म्हणजे एका जागी मिळालेलं दिवसभराचं जेवण. वड्यांऐवजी पाटवडी किंवा थालीपीठ करा.

लॉकरमध्ये काय जातं: ज्याला वास आहे ते सगळं, खायचं असो वा नसो. खाणं थंड ठेवायची पेटी म्हणजे कूलर (रिकामासुद्धा, अस्वलं कूलर बघून ओळखतात), मसाल्याचा डबा, लोणचं, चहा-साखर, टूथपेस्ट, सनस्क्रीन, खोबरेल तेल, लिपबाम, उदबत्ती, औषधांची चघळायची गोळी, बाळाची पावडर, वापरलेले डायपर, भांडी घासायचा स्पंज, गाळणीचा पंचा. पंचा आणि स्पंज हटकून बाहेर राहतात. मुलांच्या जॅकेटचे खिसे रोज रात्री तपासा, चिक्कीचा तुकडा तंबूत जायला नको. कारगाडीत ठेवणं हा पर्याय नाही. टाहोची अस्वलं दाराची कडी उघडतात आणि आत अडकली की गाडीचं अस्तर फाडून टाकतात.

जागा कमी पडते ती उंच डबे आणि गोल पातेल्यांमुळे. झाकणाचे, एकावर एक बसणारे चौकोनी क्रेट घ्या, आणि सगळ्यांचे मिळून तीनच कूलर. लॉकरची आतली मापं आरक्षण झाल्यावर पार्कला फोन करून विचारा, कूलर त्यात बसला नाही तर तो बाहेर ठेवायला जागाच नाही. कडी 'लागल्यासारखी' दिसते पण खटका पूर्ण बसलेला नसतो; बंद केल्यावर एकदा ओढून बघा. दिवसाही लॉकर उघडा टाकून पोहायला जाऊ नका. कचरा अंधार पडण्याआधी अस्वलरोधी डंपस्टरमध्ये, त्याचाही खटका तपासून. भरलेला असेल तर पिशवी बाजूला टेकवून येऊ नका, दुसरा शोधा.

अस्वल आलंच तर पळू नका. लहानांना मध्ये घ्या, सगळे एकत्र उभे राहा, आवाज करा, परात-पळी बडवा आणि त्याला निघायला वाट मोकळी ठेवा. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढे घरात शिरतं, आणि मग बहुधा त्याला मारावं लागतं. म्हणून मी चिक्कीच्या तुकड्याबद्दल एवढं बोलतोय.

माहेरवाट

ओटीचं सांगते. त्यांना नाही म्हणू नका, फक्त पाण्यात सोडू नका. हे तळं इथल्या मूळ रहिवासी वाशो लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पवित्र मानलंय, टाहो हे नावही त्यांच्या भाषेतल्या 'तळं' या शब्दावरूनच आलंय. हे त्या दोघींना आवर्जून सांगा, त्यांना ते लगेच पटेल.

साइटवरच्या टेबलावर ताटात तांब्या, नळाचं पाणी, त्यावर नारळ. खण, तांदूळ, हळद-कुंकू सगळं ताटातच. मग काठावर जाऊन नुसता नमस्कार. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी, तांदूळ भातात, फुलं पिशवीत घालून घरी. पाण्यात टाकलेल्या तांदळाला बदकं जमतात आणि माणसाच्या हातून खायला शिकतात. बाजारच्या कुंकवात रंग असतो. सोडलेला नारळ काठाला लागून कुजतो. द्रोणातले दिवेही नकोत.

काठावर चालताना एक लक्षात ठेवा. वाळूत चपटी पसरलेली, बारीक पिवळ्या फुलांची एक रोपटी दिसेल, टाहो यलो क्रेस. जगात ती फक्त याच तळ्याच्या काठावर उगवते. पाणी वर चढलं की तिची वाळू आकसते आणि आपण नेमके तिथेच चटया पसरतो. कुंपण घातलेला भाग असेल तर त्याच्या बाहेरूनच वळसा घ्या. कुंपण नसलं तरी हिरवं दिसेल तिथे बसकण नको.

तंबू टणक, आधीच मळलेल्या जागेवरच. खालच्या पाइनच्या सुया झाडून काढू नका आणि तंबूभोवती चर खणू नका. सुयांचं पांघरूण गेलं की माती उघडी पडते, पायांनी तिची धूळ होते आणि पहिल्या पावसात ओढ्यात. तळं गढूळ करतात ते याच धुळीचे मायक्रोनभर कण. ते इतके हलके असतात की खाली बसत नाहीत, तरंगत राहून उजेड विखुरतात. गाड्याही डांबरावरच लावा. शक्य तिथे गाडी काढूच नका. टाहो सिटीकडून येणारी सायकलवाट थेट पार्कापर्यंत आहे.

मुक्कामपोस्ट

दोघींना वाशोंचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग ताटातच भरू. थालीपीठही ठरलं. निघायच्या दिवशीचं काही वेगळं?

निचरा

त्या सकाळी शिजवू नका. आदल्या रात्रीची थालीपिठं, दूध, फळं. टरबूज नको, सालींवर गांधीलमाश्या येतात. चहाचा चोथा कचऱ्यात. टबांचं शेवटचं पाणी तंबू उतरवण्याआधी ओतून या, नंतर सांडपाण्याच्या जागी रांग लागते आणि घाईत कुणीतरी बादली झाडाखाली रिकामी करतं. लॉकर रिकामे झाल्यावर आतून ओल्या फडक्याने पुसा, मागच्या कोपऱ्यात सांडलेली साखर राहते. मग चौघांनी हातभर अंतरावर ओळीत उभं राहून साइट एकदा चालून काढा: पिशव्यांच्या दोऱ्या, गोळ्यांचे कागद, तंबूचे खिळे, फुटलेल्या फुग्याचे तुकडे.